आज्याची ओवी आणि बिघडलेलं साउंड कार्ड

माझी बायको गेल्यावर तिचं म्हणून घरात जे उरलं होतं ते लेकीनं वाटून टाकलं. साड्या जावा-भावजयांना, डबे शेजारी, चपला कचऱ्यात. असंच करतात. मी मधे पडलो नाही. फक्त मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही, कारण त्यात ती गायलेली होती.

आणि नीट ऐकू येत नव्हती. एक ओळ बरी यायची, दुसरीला गरम तेलात पाणी पडल्यासारखी तडतड. मधेच आवाज गुल. दोन शब्द गिळून पुढं चालू. कधीकधी तर कॉम्प्युटर पडद्यावर पाटी लावायचा की आवाजाचं यंत्रच जोडलेलं नाही. बंद करून परत चालू केला की म्हणायचा, जोडलेलं आहे. असला खोटारडा मी मार्केट यार्डातसुद्धा पाहिला नाही, आणि तिथं मी उभा जन्म काढलाय.

मी शिकलेला नाही. चौथीपर्यंत गेलो, मग गुरं, मग टेम्पो. धायरी हे गाव होतं तेव्हा गावचा भाजीपाला पहाटे यार्डात नेऊन टाकायचो. पुढं शेतांवर बिल्डिंगी आल्या, भाजीपाला संपला, टेम्पो विकला. जुन्या गावठाणातलं घर राहिलं आणि आम्ही दोघं राहिलो. आता एक.

कॉम्प्युटर माझ्या नातीचा. लेकीची मुलगी. हडपसरला कंपनीत कामाला आहे आणि घरी गाणी रेकॉर्ड करायचा तिला नाद. त्यांचा फ्लॅट रस्त्यावर, दिवसभर हॉर्न. म्हणून तिनं सगळं सामान आमच्या मागच्या खोलीत आणून मांडलं. कुणाचा तरी वापरलेला कॉम्प्युटरचा डबा, स्पीकर, माइक. खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना खिळे ठोकून आमच्या गोधड्या टांगल्या. बायको दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"भिंतीला थंडी वाजती का गं?"

"आजी, आवाज आपटतो भिंतीवर. गोधडी तो पिते."

"पिऊ दे. चहा काय मिळत न्हाय तुझ्या आवाजाला आमच्यात."

ती चांगली गायची. सिनेमाचं नाही, घाण्याचं. लग्नाच्या आधी बायका उखळाभोवती बसतात, मुसळाला आंब्याचे डहाळे बांधतात, हळद कुटतात आणि ओव्या म्हणतात, त्याला घाणा भरणं म्हणतात. आधी देवाची ओवी, मग घरातल्या माणसांची. नवरीच्या बापाची, मामाची, चुलत्याची, आज्याची. ज्याची ओवी त्याचं नाव तीत गुंफायचं. नाव आलं की तो माणूस लाजतो आणि बायका हसतात. आमच्या गावात कुणाच्याही घरी घाणा असला की हिला बोलावणं यायचं. मग हॉल आले. हॉलवाला घड्याळ दाखवतो, डीजेवाला आवाज वाढवतो, बायका तोंडाला हळद फासून फोटो काढतात. हिला बोलवायचं बंद झालं.  मग ती पोळ्या लाटताना म्हणायची.

नातीचं जमलं तेव्हा नात म्हणाली, "आजी, माझा घाणा तू भरायचा. हॉलमध्ये नाही, इथं अंगणात."

बायकोला तेव्हा जिना चढला की धाप लागत होती. ती म्हणाली, "आत्ताच भरून ठेव तुझ्या मशीनमध्ये. मी असले तर म्हणीन, नसले तर वाजव."

आम्ही हसलो. हसायचं नव्हतं ते.

रविवारी रविवारी भरायचं ठरलं. एका वेळी एक ओवी. ती गोधड्यांच्या मधोमध पाटावर बसायची, नात पडद्यासमोर. पडद्यावर आवाजाची रेघ पळायची, डोंगर-दऱ्या काढत. माझं काम फाटकात बसायचं. भाजीवाला आला की हातानं पुढं घालवायचा, कुणाच्या पोरानं सायकलची घंटी वाजवली की डोळे वटारायचे. पंखा बंद, फ्रीज बंद, पाण्याची मोटर बंद. एवढं करून ओवी अर्ध्यात आली की आतनं नातीचा आवाज यायचा, "आजी, परत. गेला आवाज."

"माझा न्हाय गेला. तुझ्या डब्याचा गेला."

"हो गं. कार्ड खराब आहे, नवीन घेणार आहे मी."

"माझ्याच वयाचं दिसतंय. त्याला बी धाप लागती."

त्या कार्डाची ओळख मला तेव्हा झाली. नातीनं डबा उघडून दाखवलं. तळहातापेक्षा जरा मोठी हिरवी पाटी, एका कडेला सोनेरी दात, ते दात डब्यातल्या खाचेत बसतात. माइकचा आवाज तिच्यातनं आत जातो, आतला आवाज तिच्यातनं स्पीकरला येतो. हे नातीनं सांगितलं आणि मी मान हलवली. कळलं नव्हतं.

सगळ्या ओव्या झाल्या. आज्याची तेवढी राहिली होती. बायको दर वेळी म्हणायची, ती शेवटी. आज घसा बरा नाही. आज गुडघा दुखतोय. गुडघ्याचा आणि ओवीचा काय संबंध, पण विचारणार कोण. शेवटी एका रविवारी नातीला कंपनीचा फोन आला, तिला लॅपटॉप घेऊन पुढच्या खोलीत बसावं लागलं. बायको तिला म्हणाली, "तू जा तुझ्या मीटिंगला. ते चालू करून जा फक्त. मी म्हणते माझी माझी." दार आतनं लोटून घेतलं. मी फाटकात. थोड्या वेळानं बाहेर आली, पदरानं कपाळ पुसलं, म्हणाली, "झालं. चहा टाका आता कुणीतरी." चहा मी टाकला. ती ओवी तेव्हा कुणी लावून ऐकली नाही. नात म्हणाली, पुढच्या रविवारी ऐकू.

पुढचा रविवार दवाखान्यात गेला. त्याच्या पुढच्याला ती नव्हती. दवाखान्याचं मी लिहिणार नाही.

माणसं भेटायला आली. बायका एकमेकींना म्हणत होत्या, नशीबवान बाई, सवाष्ण गेली, भरल्या कपाळानं गेली. मी तिथंच भिंतीला टेकून बसलो होतो. म्हणजे तिचं नशीब असं की मी उरलो. एकीला म्हणालो, "तुमच्या मालकांना विचारा, त्यांना चालेल का असलं नशीब." ती उठून आत गेली. लेकीनं मला कोपऱ्यात घेऊन झापलं.

आमच्यात घरातलं माणूस गेलं की लग्न एक तर वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. नवऱ्याकडच्यांना थांबायचं नव्हतं. तारीख धरली. नात म्हणाली, घाण्याला आजीच्या ओव्या वाजतील. लेक कचरली. "गेलेल्या माणसाचा आवाज हळदीला? लोक काय म्हणतील?"

मी म्हणालो, "लोक म्हणाले ना नशीबवान? सवाष्ण गेली म्हणाले ना? मग सवाष्णीचा आवाज हळदीला चालतो. विचार जा लोकांना."

लेकीनं किल्ली काढून दिली. म्हणून मग आम्ही मागची खोली उघडली. पावसाळाभर बंद होती. गोधड्यांना कुबट वास. नातीनं बटण दाबलं, आणि ते झालं जे मी वर लिहिलंय. तडतड, खरखर, मधेच मुकी. देवाची ओवी सुरू होऊन देवाच्या नावावरच तुटली. नातीचं तोंड पडलं. मी बाहेर जाऊन अंगणातला झाडू हातात घेतला आणि झाडलेलं अंगण परत झाडलं.

एकच प्रश्न होता. तुटलेलं काय आहे, वाजवणारं की भरलेलं. वाजवणारं तुटलं असेल तर दुरुस्त होईल. भरतानाच तुटून आत गेलं असेल तर ती तशीच राहिली, कायमची. परत पाटावर बसवायला ती कुठून आणायची?

नात म्हणाली, "सोपं आहे आबा. फाइल पेनड्राइव्हवर घेते, माझ्या लॅपटॉपवर लावते. तिकडं नीट वाजलं तर कार्डाचा दोष."

"काही काढायचं नाही यातनं."

"काढत नाही, कॉपी."

"नाही म्हणालो ना. कार्ड दुरुस्त कर."

तिला वाटलं म्हातारा दुःखात आहे, वाद नको. माझ्या डोक्यात वेगळंच होतं. मला वाटत होतं आवाज त्या हिरव्या पाटीत असतो. टेम्पोत माझ्याकडं टेपरेकॉर्डर होता, त्यानं एकदा कॅसेट खाल्ली. बाहेर ओढायला गेलो तर सगळी रीळ तुटून हातात आली, शेवयांसारखी. तेव्हापासून मला माहीत, वाजत असलेली गोष्ट ओढायची नाही. पाटी बदलली, की हीपण गेली. हे मी कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर लवकर सुटलो असतो.

मग आमचा रविवारचा कारखाना सुरू झाला. नातीनं सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. म्हणाली, "ड्रायव्हर जुना झालाय, बदलावा लागेल." मी म्हणालो, "म्हाताऱ्या ड्रायव्हरला सगळेच बदलतात." पुष्कळ दिवसांनी हसली ती. नवा ड्रायव्हर आला, खरखर तीच.

टेम्पोत बारीक बिघाड असला, लागतोय-जातोय असा, तर तो निम्म्या वेळा अर्थिंगचा असतो किंवा ढिल्या जोडाचा. मी म्हटलं तेच बघू. वायरमन आणला. त्यानं बोर्ड उघडला तर अर्थिंगची तार लावलेलीच नव्हती, नुसती आत दुमडून ठेवलेली, घर बांधल्यापासून. ती लावली. स्पीकरमधली मधमाशीसारखी घूं गेली. मला केवढी आशा वाटली. ओवी लावली, दुसऱ्याच ओळीला तोंड मिटलं.

मग माझ्या ध्यानात आलं की फ्रीज धक्का देऊन सुरू झाला की हिचा आवाज हमखास जातो. फ्रीज दुसऱ्या बोर्डावर नेला. त्यानं थोडं कमी झालं. वायरी बदलल्या. पाटी हलते का म्हणून स्क्रू आवळला. एकदा नात म्हणाली, दात काळे पडलेत, खोडरबरनं घासायचे असतात. मला वाटलं थट्टा करते. पण खरंच तसं करतात. कार्ड खाचेतून उपसून तिनं माझ्या हातात दिलं आणि मी दुसरा हात खाली धरला. एवढंसं वजन. मी ते धोतरावर ठेवून शाळेतल्या पोरासारखा खोडरबरनं एकेक दात घासला, फुंकलं, परत घासला. नात बघत होती.

"आबा, घाबरताय का?"

"घाबरत नाही. सांभाळतोय."

परत बसवलं तर पहिले दोन दिवस काय सुंदर वाजलं. बापाची ओवी अख्खी ऐकली. मामाची ऐकली, माझी शेवटी राखून ठेवली. मी शेजारच्यांना बोलावून ऐकवली. तिसऱ्या दिवशी परत पाटी, यंत्र जोडलेलं नाही. मी डब्याच्या कुशीत एक चापट मारली. मारली की बोलायची. मग मला माझीच लाज वाटली. ती जिवंत असताना कधी हात उगारला नव्हता आणि आता आवाजासाठी चापटा मारत बसलोय.

शेवटी डबा रिक्षात घालून सिंहगड रोडला दुकानात नेला. दुकानदारानं दहा मिनिटं इकडं-तिकडं केलं आणि म्हणाला, "आजोबा, कार्ड मेलंय. टाकून द्या. आता बाहेरून लावायची डबी मिळते, ती लावा."

"मेलंय ते मला कळतंय. आत काय आहे ते बाहेर काढता येईल का, ते विचारतोय."

"आत कशात?"

"कार्डात."

"कार्डात काय असतं?"

"माझी बायको."

 बरा माणूस होता, हसला नाही. नात माझ्याकडं बघायला लागली आणि तिला एकदम कळलं की इतके दिवस मी का अडून बसलो होतो. दुकानाच्या पायरीवर मला बसवलं आणि म्हणाली, "आबा, मार्केट यार्डात गाळ्यातला माल कोण आणतं-नेतं?"

"हमाल."

"हमाल बदलला तर गाळ्यातला माल जातो का?"

"नाही."

"कार्ड हमाल आहे. आजी गाळ्यात आहे. डिस्कवर. तिला काही होत नाही."

असं आधी कुणी सांगितलं असतं तर! पण आधी मी तरी कुठं विचारलं होतं?

डबी आणली. काळी, काडेपेटीएवढी, बाहेरूनच खुपसायची. जुनं कार्ड नातीनं काढलं तेव्हा मी खोलीत थांबलो नाही. मग तिनं हाक मारली. मी गोधड्यांच्या मधे पाटावर बसलो, ती बसायची तिथंच. नातीनं पहिल्यापासून लावलं.

स्वच्छ आली. देवाच्या नावावर तुटली नाही. तडतड नाही, काही नाही. श्वास घेतलेला ऐकू येत होता. ओवी संपल्यावर घसा खाकरलेला. एका ओवीनंतर "बास का गं?" म्हणालेली. बाप झाला, मामा झाला, चुलता झाला. सगळं अख्खं. वाजवणारंच तुटकं होतं, भरलेलं नाही. मी मांडीवर हात ठेवून बसलो होतो आणि डोळ्यांतनं पाणी येत होतं ते पुसत नव्हतो.

मग आज्याची ओवी आली, जी कुणीच ऐकली नव्हती.

हळद कुटिते, मुसळ पडू दे,
नवरीचा आजा...

आणि आवाज गेला. एक श्वासभर काही नाही. मग,

...मांडवी बसू दे.

ओवी दोनदा म्हणायची रीत असते. दुसऱ्यांदाही तिथंच गेला.

नातीनं थांबवलं, परत लावलं. परत तिथंच. तिनं डोक्याला हात लावला. "गेलं आबा. हे भरतानाच गेलंय. मी त्या दिवशी खोलीत थांबायला पाहिजे होतं. त्या फडतूस मीटिंगसाठी गेले." रडायलाच लागली.  सगळ्यांच्या ओव्या राहिल्या, माझीच फाटली. असंच व्हायचं होतं, म्हटलं.

रडता रडता ती पडद्याशी गेली. कापून जोडता येतंय का बघायला. रेघ मोठी करून बघत बसली. मग म्हणाली, "आबा, हे कार्डाचं नाही."

"म्हणजे?"

"कार्ड आवाज तोडतं तेव्हा रेघ सपाट होते, अगदी मेल्यासारखी. इथं बघा. थरथरतेय. आवाज चालूच होता. हे घाला कानात."

तिनं कानाला लावायचे मोठे हेडफोन मला घातले आणि तेवढीच जागा वाढवून लावली. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी होती. लांब भाजीवाला ओरडत होता, मी ज्याला हाकलला तोच असेल. आणि ती होती. तिनं श्वास घेतला होता, आणि ओठ मिटल्याचा बारीक आवाज होता. गात नव्हती. थांबली होती.

तेव्हा मला कळलं. खरं म्हणजे गावातल्या कुठल्याही जुन्या बाईला पहिल्या फटक्यात कळलं असतं. आज्याच्या ओवीत आज्याचं नाव घ्यायचं असतं. नवरीचा आजा म्हणजे मी. आणि जुनी बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मला ती आयुष्यभर 'अहो' म्हणाली, नाहीतर 'ऐकलं का'. मतदारयादीवाला दारात आला आणि मी घरी नसलो तर शेजारणीला हाक मारून माझं नाव सांगायला लावायची. घाण्याला बसलेल्या बाईच्या नवऱ्याची ओवी आली की ती नावापाशी थांबते आणि शेजारची बाई तेवढं नाव म्हणते. मग ही पुढचं उचलते. एवढं सरळ आहे ते. ती खोलीत एकटी होती, शेजारी कुणी नव्हतं, म्हणून तिनं जागा सोडून दिली. घाण्याला कुणीतरी बसलेलं असेलच की, असं धरून.

नातीला हे सांगितलं.  म्हणाली, "आपण ते दुरुस्त करायला निघालो होतो."

मग मी वहिनींकडं गेलो. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, दोन घरं सोडून राहतात. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. त्या ओट्यावर लसूण सोलत होत्या.

"वहिनी, माझ्या ओवीला हिच्या शेजारी बसून माझं नाव कोण म्हणायचं?"

"मीच की. नाव आलं की मला कोपर मारायची. एकदा एवढ्या जोरात मारलं की माझ्या हातातलं मुसळ सुटलं." त्या हसल्या, मग हसू गेलं. "का इचारताय भावजी?"

मी सांगितलं. लसूण सोलायचा थांबला.

"घाण्याला या आणि म्हणा," मी म्हणालो.

"मी? न्हाय बाई. मी घाण्याला शिवत न्हाय. तुमचे भाऊ गेल्यापासनं एका बी मांडवात गेले न्हाय, ठावं हाय ना तुमाला?"

"माझी बायको मेलीय. मला कुणी मांडवातनं उठवत नाही."

"ते बाप्यांचं बाप्यांना. बायांचं येगळं हाय. पोरीच्या लग्नाला माझी सावली नगं."

"कसली सावली? या वयात?"

"भावजी, लसूण नेता का घरी? न्हाय तर जावा." झालं बोलणं.

घाण्याच्या दिवशी अंगणात मांडव. उखळ मधे, मुसळाला डहाळे. नातीनं डबा खिडकीत ठेवला आणि स्पीकर बाहेर काढला. लेकीनं सवाष्णी जमवल्या होत्या, सगळ्या तिच्या वयाच्या, निम्म्यांना मुसळ कसं धरायचं ते माहीत नाही. वहिनी आल्या, पण मांडवाच्या बाहेर, पायरीवर बसल्या. डोक्यावरून पदर. मी खुर्चीवर, मांडवात.

तिचा आवाज सुरू झाला तशा बायका दचकल्या. मग मुसळं पडायला लागली. देवाची ओवी झाली. बापाचं नाव आलं, माझा जावई लाजला, बायका हसल्या. मामाला तर टाळ्या पडल्या. मला वाटलं, हे असंच चालावं, पुढचं यायलाच नको.

नवरीचा आजा...

गप्प. नुसतं मुसळाचं धप्प, धप्प. एक सवाष्ण म्हणाली, "बंद पडलं काय गं?" मांडवी बसू दे, म्हणत स्पीकरमधली ही पुढं गेली. मी खाली मातीकडं बघत होतो. नातीनं सगळ्यांना आधी सांगून ठेवलं होतं, कुणीतरी नाव म्हणा म्हणून. पण ऐन वेळी कुणाला सुधरलं नाही. त्यांनीही कधी असं केलेलं नव्हतं ना.

ओवी दुसऱ्यांदा आली. नवरीचा आजा.

पायरीवरून आवाज आला. घोगरा, सुरात नाही. माझं नाव. मागं 'राव' लावून, जसं त्या म्हणायच्या तसं. आणि लगेच स्पीकरमधनं ही म्हणाली, मांडवी बसू दे.

मुसळं थांबली. लेक म्हणाली, "काकू, अहो..." कुणीतरी कुणाच्या तरी कानात कुजबुजलं. वहिनींनी पदरानं नाक पुसलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "थांबलात काय बघत? हळद काय आपली आपण कुटली जाती?" परत धप्प सुरू झालं. त्या उठल्या आणि न जेवता घरी गेल्या. मी त्यांना ताट नेऊन दिलं.  त्यांनी भाताला हात घातला आणि तशाच बसून राहिल्या.

लग्न झालं. नात तिच्या घरी गेली. परवा येऊन तिनं सगळ्या ओव्या माझ्या मोबाइलवर टाकून दिल्या. म्हणाली, "आबा, घाण्याच्या दिवशीचं मी वेगळं रेकॉर्ड केलं होतं. मोठ्या आजींनी नाव घेतलंय ते स्वच्छ आलंय. त्या जागी जोडून देऊ? पाच मिनिटांचं काम आहे. मग ओवी पुरी होईल."

"नको."

"का?"

"राहू दे गं. नको म्हणालो ना."

तिला वाटलं म्हातारा परत अडून बसला. तिला सांगता आलं नाही, इथं लिहितो. माझं नाव घेणारं आता कुणी राहिलेलं नाही. आईबाप गेले, भाऊ गेला, यार्डातले सोबती एकेक करून गेले. वहिनींना मी ओवीबाहेर भावजी, बाकी सगळ्यांचा आबा. बँकेत पुकारतात ते काही खरं नाव घेणं नव्हे. जिनं जन्मभर घेतलं नाही तिच्या तोंडाशी ते त्या दिवशी आलं होतं, आणि तिनं ओठ मिटून ते आत धरलं. हेडफोन घातला की ऐकू येतं मला. त्यावर दुसऱ्या कुणाचा आवाज बसवला, तर ते ऐकू येणार नाही.